पानात दोन्ही असतात का हो मॅडम?

मागच्या महिन्यात याच पानावर मी एका उत्तरात घाईघाईत लिहून गेले की लवकं वनस्पतींच्या पेशीत असतात, प्राण्यांच्या पेशीत नसतात, आणि पुढे काहीच लिहिलं नाही कारण जागा संपली होती. त्या अर्ध्या वाक्यावरून शिरपूरपासून रावेरपर्यंत जे मेसेज सुरू झाले ते थांबेनात. म्हटलं चला, या वेळचा सगळा कॉलम पेशीतल्या लवकं आणि तंतुकणिका या दोन बारीक भागांनाच. आधी शब्द पक्के करून घेऊ. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिका, प्लास्टिड म्हणजे लवक, आणि पानातलं हिरवं लवक ते हरितलवक म्हणजे क्लोरोप्लास्ट. मी दोन्ही नावं वापरणार, तोंडात येईल ते.

प्रश्न: मॅडम, मन्ही पोर आठवीमा शे. ट्यूशनच्या टेस्टला प्रश्न होता, वनस्पतीच्या पेशीला ऊर्जा कोण पुरवतं. तिने तंतुकणिका लिहिलं तर काट मारली आणि बाजूला लाल पेनाने हरितलवक लिहून दिलं, म्हणे तंतुकणिका प्राण्यांच्या असतात. पोरगी दोन दिवस जेवली नाही नीट. कोण बरोबर?
एक आई, शिरपूर

उत्तर: ताई, पोरगी बरोबर. तिला आधी जेवायला घाला.

ही चूक इतकी पसरलेली आहे की मी स्वतः बी.एस्सी.ला जाईपर्यंत असंच समजत होते, प्राण्यांना तंतुकणिका आणि त्याच्या बदल्यात झाडांना हरितलवक, जशी कुणाकडे बैलजोडी तर कुणाकडे ट्रॅक्टर. पण तसं नाही हो, झाडाकडे दोन्ही आहेत. एका पानाच्या पेशीत हरितलवकं असतात आणि त्यांच्या आजूबाजूलाच तंतुकणिकाही असतात, आणि दोन्ही एकाच वेळी कामाला लागलेल्या असतात.

समजायला सोपं पाहिजे असेल तर मुळांचा विचार करा. कपाशीचं मूळ जमिनीत फूट-दीड फूट खाली, तिथे ऊन कुठून येणार, तिथे हिरवं काहीच नाही, तरी ते वाढतं, खत ओढतं. ती ताकद तंतुकणिकांची, पानातून खाली आलेली साखर जाळून मिळवलेली. शेतात पाणी साचलं की कपाशी मलूल होते त्याचं मोठं कारणही हेच, मुळांना हवा मिळत नाही, हवा नाही म्हणजे ऑक्सिजन नाही आणि ऑक्सिजन नाही म्हणजे तंतुकणिका अडल्या. रात्रीचंही तसंच. सूर्य बुडाला की हरितलवकाचं साखर बनवणं बंद, मग सकाळपर्यंत सगळं झाड तंतुकणिकांच्या जिवावर. आणि मोड आलेली मटकी? अंधारात फडक्यात बांधलेली, एक हिरवं पान नाही, तरी कोंब काढते. पोरीला एक प्रयोग करून दाखवा, ओली मोडाची मटकी थर्मासमध्ये भरा, दुसऱ्या थर्मासमध्ये उकळून गार केलेली मटकी, दोन्हीत थर्मामीटर खोचून तोंडाला कापूस लावा, रात्रभर ठेवा. सकाळी मोडाच्या मटकीचा पारा वर चढलेला दिसेल. ती ऊब बियांच्या श्वसनाची, आणि त्यातलं बहुतेक काम तंतुकणिकांमधलं.

आता फरक. आपल्याकडे साक्री तालुक्यात शिवाजीनगरला सोलर प्रकल्प आहे आणि भुसावळजवळ दीपनगरला कोळशाचं वीज केंद्र. वर्गात मी विचारलं की पोरं पटकन म्हणतात, हरितलवक म्हणजे साक्री, तंतुकणिका म्हणजे दीपनगर. अर्धं बरोबर आहे. पण साक्रीचे पॅनल वीज बनवून तारेत सोडतात, हरितलवक तसं करत नाही, ते उन्हातून एटीपी बनवतं खरं पण तो तिथल्या तिथे साखर बनवण्यातच खर्च करून टाकतं, म्हणजे असा सोलर प्रकल्प समजा जो वीज विकत नाही, कोळसा बनवून देतो, आणि तो कोळसा मग दीपनगरला जातो आणि तिथून गावाला लाइट मिळते. एटीपी म्हणजे पेशीचे सुटे पैसे हो, प्रत्येक कामाला तेच लागतात. साखर म्हणजे कणगीतलं धान्य, ते घेऊन किराणा दुकानात गेलात तर दुकानदार घेणार नाही, आधी विकून सुटे करावे लागतात.

म्हणून टेस्टमधला प्रश्न "अन्न कोण तयार करतं" असा असता तर सरांची काट चालली असती. ऊर्जा म्हटलं की तंतुकणिका. भांडायला जाऊ नका, पुस्तक दाखवा फक्त, आठवीच्या पुस्तकात पेशीच्या धड्यात वनस्पती पेशीचं चित्र असतं त्यात तंतुकणिका काढलेली असते.

प्रश्न: मॅडम मी अकरावी सायन्सला आहे, नीटची तयारी चालू आहे. मायटोकॉन्ड्रिया आणि क्लोरोप्लास्ट यांच्यातले दहा फरक टेबल करून द्या ना प्लीज. आणि एका ग्लुकोजमधून ३८ एटीपी मिळतात की ३२? क्लासमध्ये एक सांगतात, जुन्या पुस्तकात दुसरं.
विद्यार्थी, अमळनेर

उत्तर: टेबल नाही देणार बेटा, टेबल तुझ्या गाइडमध्ये आहेच आणि ते पाठ करून तू परीक्षेच्या हॉलमध्ये डावा कॉलम उजवीकडे लिहिशील, मी ४० पोरांचे पेपर तपासलेत असे. तू साम्य लक्षात ठेव, फरक आपोआप राहतात.

दोघांनाही दोन-दोन पडदे. दोघांकडे स्वतःचा गोल डीएनए, दोघांकडे स्वतःचे छोटे ७०एस जातीचे रायबोसोम (प्रथिनं बनवणारी बारीक यंत्रं), दोघंही पेशीने सांगितलं म्हणून नव्याने घडत नाहीत तर जुन्यातूनच दुभागून वाढतात. आणि दोघांत एटीपी बनवायची युक्ती तीच. आता फरक बघ. तंतुकणिका बारीक, रुंदीला अर्धा ते एक मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), हरितलवक तिच्यापुढे आडदांड, पाच-दहा मायक्रॉन लांब, म्हणून शाळेच्या साध्या मायक्रोस्कोपखाली हरितलवकं हिरव्या दाण्यांसारखी दिसतात आणि तंतुकणिका धड दिसत नाही. तंतुकणिकेचा आतला पडदा घड्या घालून बसलेला असतो, त्यावरच सगळं काम. हरितलवकाचा आतला पडदा सपाट, पण आत चपट्या पिशव्यांची वेगळी तिसरी व्यवस्था असते, थायलाकॉइड, नाण्यांची चळत रचावी तशी. काम त्या पिशव्यांवर.

युक्ती काय ते नीट समजून घे, यात मजा आहे. हतनूर धरण डोळ्यासमोर आण. भिंतीच्या एका बाजूला पाणी तुंबवलंय आणि समज एका दरवाजात चक्र बसवलंय, पाणी त्यातूनच जाणार, चक्र फिरणार. इथे पाण्याच्या जागी प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभार असलेले कण), भिंतीच्या जागी पडदा, आणि चक्र म्हणजे एटीपी सिंथेज, ते खरंच गरागरा फिरतं, सेकंदाला शंभराच्या घरात फेरे. हे दोघांतही सारखंच. फक्त तंतुकणिका प्रोटॉन बाहेर ढकलते, दोन पडद्यांच्या मधल्या फटीत, आणि ते आत येताना चक्र फिरवतात. हरितलवक प्रोटॉन पिशवीच्या आत कोंडतं आणि ते बाहेर पडताना चक्र फिरवतात. आणि धरण भरायला लागणारा पंप एकाकडे उन्हावर चालतो, दुसरीकडे अन्नावर. हरितलवक पाणी फोडून ऑक्सिजन सोडतं, तंतुकणिका तोच ऑक्सिजन घेऊन परत पाणी करते. उलटसुलट. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्री अकराला उठून घरच्यांना सांगायला गेले होते, त्यांनी चादर ओढून घेतली.

ही धरणाची कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली तेव्हा बरेच शास्त्रज्ञ मानायला तयार नव्हते. मग १९६६ मध्ये जॅगेनडॉर्फ आणि उरिबे या दोघांनी पालकाच्या पानातल्या लवकातल्या पिशव्या घेतल्या, अंधारात आधी आंबट पाण्यात मुरवल्या आणि मग एकदम अल्कलीच्या पाण्यात टाकल्या. आत प्रोटॉन कोंडलेले, बाहेर कमी, झाला धबधबा, आणि अंधारात एटीपी तयार झाला! एक किरण उजेड नाही. मिचेलना नोबेल मिळालं १९७८ साली. गंमत बघ, हे मुळात तंतुकणिकांचंही कोडं होतं आणि इतका दणकट पुरावा आला पालकाच्या भाजीतून.

३८ आणि ३२ चं असं आहे की जुना हिशोब पूर्ण आकडे धरायचा, एका एनएडीएचला ३ एटीपी, एका एफएडीएच-टूला २ (हे दोन अन्नातली ऊर्जा पंपापर्यंत वाहून आणणारे रेणू). पण प्रोटॉन काही पावती फाडून येत नाहीत, थोडे इकडेतिकडे खर्च होतात, म्हणून आता अडीच आणि दीड धरतात आणि बेरीज ३० ते ३२ येते. खरं हे. पण परीक्षेत तुझ्या चालू पुस्तकात जो आकडा छापलाय तोच लिही, तिथे क्रांती करायला जाऊ नको.

प्रश्न: नमस्कार मॅडम. आमच्याकडे केळी असते, जी-नाइन. एप्रिलमध्ये गावातल्या साध्या खोलीत पिकवली तर आतून मऊ होते, गोड पण लागते, साल मात्र हिरवीच राहते, पिवळा रंग धरत नाही. घेणारा म्हणतो कच्ची आहे आणि भाव पाडतो. एका कृषी शिबिरात ऐकलं की याचा संबंध लवकांशी आहे. खरं का?
केळी बागायतदार, रावेर तालुका

उत्तर: भाऊ, खरं आहे, आणि या सगळ्या पत्रांत तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला.

आपल्या गावाला बहुरूपी यायचे आठवतात का? आज पोलीस, उद्या साधू, परवा बाई, माणूस एकच. लवक तसं आहे. कोवळ्या पेशीत ते असतं बिनरंगाचं, लहान, कुणीच नाही असं. उजेडात पान झालं की तेच हिरवं हरितलवक होतं. बटाट्यात गेलं की स्टार्चचं कोठार होतं. टोमॅटोत पिकताना तेच लाल वर्णलवक. बटाटा उघड्यावर उजेडात राहिला की हिरवा पडतो ना, ते कोठारवालं लवक पुन्हा हिरवं सोंग घेतं म्हणून. तंतुकणिका असली सोंगं घेत नाही, ती काळजात असो, कपाशीच्या मुळात असो की केळीच्या घडात, धंदा तोच, बायको-पोरं सांभाळणाऱ्या नोकरदारासारखी. मला विचाराल तर दोघांतला खरा फरक हा आहे, पडदे न् पिशव्या नंतर.

आता केळीत दोन जागी दोन सोंगं चालू असतात. सालीत हिरवी लवकं, गरात स्टार्चने भरलेली पांढरी लवकं. कच्च्या केळीच्या गरात शंभर ग्रॅममागे वीस-पंचवीस ग्रॅम स्टार्च असतो, पिकलं की एक-दोन ग्रॅम उरतो, बाकीच्याची साखर होते. हे झालं गरातलं. सालीत काय होतं, हरितलवकातल्या त्या चळती मोडल्या जातात, हिरवा रंग तुटतो, आणि खालचा पिवळा दिसायला लागतो. तो पिवळा नव्याने फासावा लागत नाही, बराचसा आधीपासून तिथेच असतो, हिरव्याखाली झाकलेला.

हे दोन्ही कारभार वेगळे आहेत आणि त्यांना वेगवेगळी हवा मानवते. जी-नाइन म्हणा, श्रीमंती म्हणा, ही सगळी कॅव्हेंडिश जातीची केळी, आणि या जातीत खोलीचं तापमान साधारण २४ अंशांच्या वर गेलं की गरातली साखर जोरात होते पण सालीतल्या हरितलवकांची मोडतोड अर्धवट अडकते. गर पिकला, साल हिरवी. आता आपल्या रावेर-यावलचा एप्रिल म्हणजे ४२-४३ अंश, पत्र्याखालच्या खोलीत काय होत असेल. म्हणजे घेणारा म्हणतो तशी केळी कच्ची नाहीत, तुम्ही पिकवलीत नीट, फक्त सालीला थंड हवा मिळाली नाही. रायपनिंग चेंबरमध्ये १६ ते १८ अंश ठेवून इथिलीन हा फळ पिकवणारा वायू सोडतात ते याचसाठी. उलटं, १३ च्या खाली गेलं की सालीच्या पेशींना थंडी बाधते आणि साल मळकट, काळपट पडते, म्हणून केळी फ्रिजमध्ये ठेवू नये.

आणि यात तंतुकणिका कुठे? त्या खोलीच्या उबेत. केळी पिकायला लागली की तिचा श्वास एकदम कित्येक पटींनी वाढतो, साखर जळते, उष्णता निघते, कार्बन डायऑक्साइड निघतो. भरलेल्या खोलीत हात घालून बघा, बाहेरपेक्षा गरम लागतं. चेंबरवाला रोज दार उघडून हवा बदलतो ते उगाच नाही, तो वायू साचला तर पिकणंच मंदावतं. साध्या खोलीत करायचं तर निदान रात्रीची गार हवा आत घ्या आणि घड एकावर एक रचून ठेवू नका. कार्बाइडच्या नादी लागू नका एवढं सांगते, कायद्याने बंदी आहे आणि त्यात आर्सेनिकचा अंश असू शकतो.

प्रश्न: मॅडम, हिरवी मिरची लाल होते तेव्हा लवकं मरतात की जिवंत असतात? आणि तिखटपणा पण लवकातच असतो का?
गृहिणी, नंदुरबार

उत्तर: मरत नाहीत, सोंग बदलतात, वर केळीच्या उत्तरात लिहिलंय तसंच. फक्त मिरचीत नुसता हिरवा उतरत नाही तर नवीन लाल रंग बनवून लवकात भरला जातो, कॅप्सॅन्थिन म्हणतात त्याला. तुमच्याकडे पथारीवर मिरच्या वाळत घालतात, लांबून जमीन पेटल्यासारखी दिसते, तो सगळा रंग वर्णलवकांचा. तिखटपणा वेगळा, तो आतल्या पांढऱ्या शिरेत बनतो जिथे बिया चिकटलेल्या असतात.

पण प्रत्येक रंग लवकाचा नसतो हां. आपल्या भरताचं हिरवं वांगं हिरवं आहे ते हरितलवकांमुळे. जांभळ्या वांग्याचा जांभळा मात्र पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत विरघळलेला असतो, रिक्तिका म्हणतात तिला, लवकाचा तिथे काही संबंध नाही. बीटाचंही तेच, म्हणून बीट चिरलं की हात रंगतात आणि गाजर चिरलं की फारसे रंगत नाहीत, गाजराचा रंग लवकात कोंडलेला आणि पाण्यात न विरघळणारा.

प्रश्न: हायब्रीड बाजरीचं घरचं बी पेरू नये म्हणतात. माझा मुलगा म्हणतो त्यात तंतुकणिकेचं काहीतरी असतं. मी म्हटलं काहीपण. तुम्ही सांगा.
शेतकरी, शिंदखेडा

उत्तर: दादा, मुलगा काहीपण बोलत नाहीये, पण अर्धाच बोललाय.

हायब्रीड बी करायचं म्हणजे एका ओळीवर (ओळ म्हणजे एकसारख्या झाडांचा शुद्ध वाण) दुसऱ्या ओळीचे परागकण पाडायचे. बाजरीच्या एका कणसात शेकडो बारीक फुलं, प्रत्येकातले परागकण कोण हाताने काढत बसणार. म्हणून अशी ओळ वापरतात जिचे परागकण मुळातच वांझ असतात. आणि तो वांझपणा केंद्रकातल्या जनुकांतून नाही येत, तंतुकणिकेच्या डीएनएतून येतो. भारतातली पहिली हायब्रीड बाजरी एचबी-१, १९६५ ची, तिची मादी ओळ अमेरिकेतून आणलेली टिफ्ट २३ए अशीच वांझ होती. हायब्रीड ज्वारीही याच वाटेने आली, सीएसएच-१, १९६४. म्हणजे आपल्या बापजाद्यांनी हायब्रीडचं पहिलं पोतं भरलं त्यात तंतुकणिकेचा हात होता, कुणाला ठाऊक नव्हतं.

पण घरचं बी न पेरण्याचं मुख्य कारण तंतुकणिका नाही. हायब्रीडचं बी पुन्हा पेरलं की केंद्रकातली जनुकं विस्कटतात, एक ताट उंच एक बुटकं, कणसं लहानमोठी, एकसारखेपणा जातो आणि उत्पन्न पडतं. त्यात काही झाडांत तो जुना वांझपणा परत डोकं काढतो, ते वरून.

या युक्तीचा एकदा फटकाही बसलाय. १९७० साली अमेरिकेत मक्याचं जवळपास सगळं हायब्रीड एकाच प्रकारच्या वांझ ओळीवर उभं होतं आणि तिच्या तंतुकणिकेतलं जे जनुक वांझपणा देत होतं त्याच जनुकामुळे करप्याची बुरशी झाडाला लोळवत होती. देशाचा साधारण १५ टक्के मका गेला. आपल्या एचबी-१ वर नंतर गोसावी रोग पडला तो दोष मात्र तंतुकणिकेचा नव्हता, ती ओळच त्या रोगाला नाजूक होती.

हे वारशाने येतं कसं तेही सांगते. तंतुकणिका आणि लवकं दोन्ही बहुतेक पिकांत आईकडून येतात, परागकणातून नाही. हे पहिल्यांदा कळलं ते गुलबक्षीवर. तुमच्या अंगणात असेल, संध्याकाळी फुलते ती. जर्मनीत कॉरेन्स यांनी १९०९ साली पाहिलं की काही गुलबक्षीला हिरव्या, पांढऱ्या आणि चट्ट्यापट्ट्याच्या फांद्या एकाच झाडावर असतात, आणि पांढऱ्या फांदीच्या फुलावर कुठलेही परागकण टाका, रोपं पांढरीच येतात आणि मरतात. बाप कोणीही असो. लवक आईचं. आपल्या अंगातल्या तंतुकणिकाही आईकडूनच आलेल्या, आईला तिच्या आईकडून.

प्रश्न: आदरणीय मॅडम, मी बँकेतून निवृत्त. नातवाच्या पुस्तकात वाचलं की ही दोन्ही अंगकं कधीकाळी स्वतंत्र बॅक्टेरिया होते आणि पेशीने त्यांना गिळलं. हे सिद्ध झालंय की नुसती कथा?
एक आजोबा, धुळे

उत्तर: आजोबा, कथा म्हणूनच सुरू झालं. रशियात मेरेश्कोव्स्की यांनी १९०५ मध्ये लवकांबद्दल असं लिहिलं, फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मग लिन मार्ग्युलिस या बाईंनी १९६७ मध्ये दोघांबद्दल सविस्तर मांडणी केली, तो लेख छापून येण्याआधी १५ एक नियतकालिकांनी परत पाठवला होता. नंतर डीएनए वाचता यायला लागला आणि कथा पुराव्यावर उभी राहिली. हरितलवकाचा डीएनए जुळतो सायनोबॅक्टेरियाशी, म्हणजे डबक्यावर हिरवीनिळी साय येते ना, तिच्या घराण्याशी. तंतुकणिकेचा जुळतो वेगळ्याच घराण्याशी, अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया. म्हणजे दोघी सख्ख्या बहिणी नाहीत, दोन वेगळ्या माहेरच्या सुना एकाच घरात नांदतायत.

आणि थोरली कोण तेही ठरलंय. लवक असलेल्या पेशीत तंतुकणिका असतेच, पण तंतुकणिका असलेल्या कितीतरी पेशींत लवक नाही, आपल्याच बघा. म्हणजे तंतुकणिका आधी आली, लवक मागून.

सासरी येऊन दोघींनी आपलं बरंच सामान पेशीच्या मोठ्या तिजोरीत, केंद्रकात, जमा करून टाकलंय. माणसाच्या तंतुकणिकेत उरलेत फक्त १६,५६९ अक्षरांचा डीएनए आणि ३७ जनुकं. हरितलवकाने थोडं जास्त राखून ठेवलंय, कपाशीच्या लवकात सुमारे १ लाख ६० हजार अक्षरं. त्यामुळे आता दोघींपैकी कुणीही माहेरी परत जाऊ शकत नाही, एकटी जगूच शकणार नाही.

बॅक्टेरियाचं रक्त अजून आहे याची खूण औषधात दिसते. स्ट्रेप्टोमायसिन हे बॅक्टेरियाचे रायबोसोम बंद पाडणारं औषध, ते झाडांवर जास्त मारलं तर पानं पिवळट-पांढरी पडतात, कारण हरितलवकाचे रायबोसोम त्याच घडणीचे. औषध मारलं शत्रूवर, लागलं घरच्या सुनेला.

प्रश्न: मॅडम, माणसाच्या कातडीत हरितलवकं बसवली तर जेवायची गरज पडणार नाही ना? मग शाळेत डबा नको.
सहावीतला मुलगा, चाळीसगाव

उत्तर: तुझ्यासारखा विचार एका समुद्री गोगलगायीने आधीच केलाय. एलिसिया नावाची ही गोगलगाय शेवाळ खाते आणि त्यातली हरितलवकं न पचवता अंगात ठेवून घेते, पानासारखी हिरवीगार दिसते, आणि ती चोरलेली लवकं महिनोन्महिने तिच्या अंगात टिकतात.

तुझा हिशोब करू. उन्हाकडे तोंड करून उभा राहिलास तर तुझ्या अंगाची उन्हात येणारी बाजू जास्तीत जास्त एक चौरस मीटर धरू, खरं तर कमीच. आपल्याकडे दिवसभरात एवढ्या जागेवर पडणारं ऊन म्हणजे पाच-साडेपाच युनिट वीज. पिकाचं पान त्यातलं शंभरातलं एक-दीडच अन्नात बदलतं. म्हणजे दिवसअखेर तुझ्या हाती येणार साठ-सत्तर कॅलरी. एका कळण्याच्या भाकरीत याच्या दुपटीहून जास्त असतात, म्हणजे अर्धी भाकरी पण नाही, ठेचा तर सोडूनच दे. झाडाला एवढं पुरतं कारण ते पळत नाही, अंग गरम ठेवत नाही आणि शेकडो पानं पसरून उभं राहतं. तुला क्रिकेट खेळायचंय.

आणि समजा बसवलीच, तरी तुझ्या तंतुकणिका लागतीलच, लवकाने बनवलेली साखर सुटी कोण करणार. तर अर्ध्या भाकरीसाठी मे महिन्यात चाळीसगावात सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत उघड्या अंगाने गच्चीवर उभं राहायचं, ते आजी राहू देते का ते आधी विचारून ये, आणि तोपर्यंत डबा नेत जा.